मुठीचा दिवस

महेशने टीपॉयवर ठेवलेली मूठ प्लास्टिकची होती. हिरवंगार चकचकीत गवत, खाली तिरंगी रिबीन, आणि धरायला सोपं जावं म्हणून आत एक जाड काडी. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये लग्नाच्या स्टेजची सजावट पुरवणाऱ्या दुकानातून त्याने त्या बनवून घेतल्या होत्या. हा नमुना होता, बाकीच्या पोत्यात भरून गाडीत ठेवल्या होत्या.

"होलसेलमध्ये पडल्या ताई," तो म्हणाला. "शेठ बोलतो, साईं, गोल्डन रिबीन लगा देता हूँ, बाद में शादी में भी चलेगा. मी म्हटलं नको, तिरंगीच पाहिजे. आपला विषय वेगळा आहे."

अनुयाने ती मूठ उचलून पाहिली. पात्यांच्या कडा गोल होत्या.

"कापत नाही," महेश म्हणाला. "बायकांची दरवर्षी तीच कम्प्लेंट असायची ना."

सोफ्याच्या कडेवर त्याचे आजोबा, नाथाकाका, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. अनुयाच्या बाबांच्या तेराव्यानंतर ते अंबरनाथच्या या घरी पहिल्यांदाच आले होते. भिंतीवरच्या फोटोकडे ते पुन्हा पुन्हा पाहत आणि लगेच नजर काढून घेत. चहा निवत चालला होता.

"रविवारी कार्यक्रम आहे," महेशने सांगायला सुरुवात केली. "क्लबहाऊससमोर. मंडप, जेवण, सगळं बिल्डरसाहेबांकडून. तुम्ही फक्त यायचं आणि अटी सांगायच्या. मास्तरांच्या घरातल्या कुणी अटी सांगितल्याशिवाय मूठ होत नाही, हे मी त्यांना नीट समजावलंय. त्यांना पटलं. म्हणाले, ऑथेंटिक पाहिजे."

खैरवाडी हे गाव बदलापूरजवळच्या सोनिवलीच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी. १९३० साली इंग्रज सरकारने या टेकडीवरचं कुरण राखीव केलं, चरायला गेलेली गुरं कोंडवाड्यात घातली, आणि खैरवाडीच्या माणसांनी भाद्रपदात कायदा मोडायचं ठरवलं. अनुयाचे पणजोबा तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी अटी घातल्या. विळा-कोयता कुणी न्यायचा नाही; हातात पातं दिसलं की बंदुका चालवायला निमित्त मिळेल. गवत नुसत्या हाताने उपटायचं, एका माणसाने एक मूठ. मग खाली जंगलनाक्यापाशी येऊन जमिनीवर बसायचं, मूठ गुडघ्यावर ठेवायची. ती उघडायची नाही आणि उगारायचीही नाही. शिपायांनी बोटांवर दांडके मारले. नाथाकाकांच्या वडिलांची दोन बोटं त्यानंतर कधी सरळ झाली नाहीत. जेवताना घास धरायचे तेव्हा ती बोटं बाहेर राहायची, असं काका सांगत.

तेव्हापासून गौरी-गणपती गेल्यावर खैरवाडीत मुठीचा दिवस होतो. लोक नोकऱ्यांना लागले तेव्हा तो रविवारी आला. घरटी एक माणूस टेकडीवर जाई, मूठ उपटून नाक्याच्या जागी बसे, आणि दुपार कलली की उठे. भाषण नाही, घोषणा नाही. अटी तेवढ्या मास्तरांच्या घरचं माणूस मोठ्याने सांगे. बाबा रंगांच्या कारखान्यात अधिकारी झाले, गाव सोडून अंबरनाथला आले, तरी दरवर्षी जात. लहानपणी अनुयाला त्या दिवसाचा कंटाळा येई. मुळात तिथे काही घडतच नसे. सगळे जण हात मुठीत धरून बसलेले, आणि तिला तहान लागलेली.

"तुमच्या बाबांचा सत्कारही आहे. मरणोत्तर," महेश म्हणाला. "तुम्ही स्वीकारायचा."

"परवानगी कुणाची काढलीस?"

महेशला हा प्रश्न आवडला. "सगळ्यांची! पोलिसांची काढली, नगरपालिकेची काढली, बिल्डरची तर आहेच. ड्रोनची वेगळी काढावी लागली."

"मुठीची परवानगी."

"हो ना."

अनुयाने प्लास्टिकची मूठ टीपॉयवर ठेवली. ती उल्हासनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. आवाज न चढवता बोलायची सवय तिला कामानेच लागली होती. "मी अटी सांगायला येणार नाही महेश. मी टेकडीवर जाऊन मूठ घेणार आहे. कुणाला न विचारता. बाबांनी तेच सांगितलं होतं. ज्याला यायचं त्याने माझ्याबरोबर यावं."

"पण न विचारता कशाला?" महेश खरोखरच गोंधळला. "विचारलं तर हो म्हणतायत ना ते!"

नाथाकाकांनी टोपी डोक्यावर चढवली.

"मी येतो बाय तुज्यासंग," ते म्हणाले.

महेशने आजोबांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. चहा तसाच राहिला.

*

गेल्या वर्षी मुठीच्या दिवशीच टेकडीवर जेसीबी चढला होता. जमिनी आधीच विकल्या गेल्या होत्या. कुणी मुलीच्या लग्नासाठी, कुणी फ्लॅटच्या बदल्यात, कुणी शेजाऱ्याने विकली म्हणून. राहिलं होतं ते माथ्यावरचं कुरण. ते गावाचं की सरकारचं की बिल्डरचं, हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं, आणि जोवर सांगता येत नाही तोवर खणू नका, एवढंच बाबांचं म्हणणं होतं. त्या दुपारी सगळे उठायला लागले तेव्हा बाबा उठले नाहीत. म्हणाले, यंत्रं जाईपर्यंत मी बसतो.

पहिल्या दिवशी सगळा गाव त्यांच्याबरोबर बसून राहिला. गावातल्या बनूबाईने भाकऱ्या आणल्या, कुणी ताडपत्री बांधली. मग सोमवार आला, आणि लोकांना कामं होती. पुढच्या आठवड्यात महेशला मुरुमाच्या भरावाचं कंत्राट मिळालं. नाथाकाका त्यानंतरही काही दिवस आले. मग तेही आले नाहीत.

पोलीस येतील, उचलून नेतील, याची बाबा वाट पाहत होते. सत्याहत्तर वर्षांच्या माणसाला उचलून नेलं की निदान एक बातमी होते. पण त्यांना कुणी हातच लावला नाही. बिल्डरच्या लोकांनी टेकडीच्या पलीकडच्या बाजूने दुसरा रस्ता काढला आणि यंत्रं तिकडून वर नेली. बाबा नाक्याच्या जागी बिल्डरने बसवलेल्या ज्या फाटकासमोर बसले होते ते फाटक कुणी वापरेनासं झालं. डंपरचा आवाज टेकडीमागून यायचा. अनुया कॉलेजातून सुटली की डबा घेऊन जायची, तेव्हा ते हाताची मूठ गुडघ्यावर ठेवून बंद फाटकाकडे तोंड करून बसलेले असत, आणि त्यांच्या मागून कुत्री निवांत ये-जा करत.

दिवाळीच्या आसपास ताप आला, तो छातीत उतरला. मार्गशीर्षात ते गेले. अंत्ययात्रेला खैरवाडी लोटली. पहिला दिवस सोडला तर एवढी माणसं त्या फाटकासमोर कधीच आली नव्हती. स्मशानात महेश सर्वांत पुढे होता, लाकडं त्यानेच रचली. चांगली रचली.

हॉस्पिटलात, श्वास लागत असताना, बाबा एवढंच म्हणाले होते, "पुढच्या वर्षी मूठ टेकडीवरच झाली पाहिजे. आणि विचारून नाही. विचारून केलेला सत्याग्रह म्हणजे सहल."

अनुयाने सत्याग्रहांविषयी पुष्कळ वाचलं होतं. कपाटं भरून. मिठाचे, करबंदीचे, जंगलाचे. त्या सगळ्या पुस्तकांत समोर कुणीतरी असायचं: लाठी घेतलेलं, हुकूम देणारं, निदान संतापलेलं. बाबांच्या समोर फाटक होतं.

*

शनिवारी ती खैरवाडीत गेली. बनूबाईची जमीन टेकडीच्या उतारावर होती. तिच्या बदल्यात मिळालेल्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहत होती. दारात चुलीची जागा नव्हती म्हणून तिने बाल्कनीत चूल घातली होती, आणि त्यावरून सोसायटीने तिला नोटीस पाठवली होती.

"ये बाय, बस. खुर्चीवर नको, ती मोडकी हाय. गादीवर बस."

अनुयाने कशासाठी आले ते सांगितलं. बनूबाई लसूण सोलत ऐकत राहिली.

"तुजा बाप लय मोठा मानूस. मी बोलते ना, देवमानूस. त्याला मी रोज भाकर देत व्हते."

"पहिल्या आठवड्यात," अनुया म्हणाली.

"पयल्या आठवड्यात रोजच," बनूबाई म्हणाली, आणि स्वतःच हसली. मग हसू आवरून म्हणाली, "माजं गुडगं गेलं बाय. टेकडी चढवत नाय. तिथं लिफ्ट बसवली आसती त मी पयली आले आसते."

"एकदा काठी घेऊन..."

"अगं, न इचारता गेलो न उद्या यांनी चुलीवरून मला भायेर काढली, त मी जाऊ कुटं? तुज्याकडं? अंबरनातला?" तिने लसणीची पाकळी अनुयाच्या हातावर ठेवली. "तुज्या बापाला पेन्शन व्हती. सत्याग्रव पेन्शनवाल्यांनी करावा. आमी जेवायला येतो."

यात कडवटपणा नव्हता. ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती, आणि म्हणूनच अनुयाला ते लागलं.

पुढच्या घरी टीव्ही चालू होता. त्यांनी आवाज कमी केला, बंद नाही केला. त्यांच्या मुलाला कॉम्प्लेक्सच्या मेंटेनन्समध्ये काम मिळालं होतं. त्याच्या पुढच्या घरचे म्हणाले, आम्ही महेशला शब्द दिलाय, त्याच्याकडून येतो. तुम्हीही तिकडेच या ना, एकत्र होईल. सगळे तिला बसायला सांगत होते, सगळे पाणी देत होते, बाबांचं नाव काढलं की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं. तिला वाटलं, कुणीतरी एकाने दार लावून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

कॉम्प्लेक्सचं विक्रीचं ऑफिस गावाच्या तोंडाशीच होतं. महेशची बायको तेजल तिथे कामाला होती. तिने काचेतून अनुयाला पाहिलं आणि बाहेर धावत आली.

"ताई, उन्हात कुठे फिरताय? आत या, एसी आहे."

"नको गं."

"ताई, खरं सांगू? कस्टमरला आपली स्टोरी खूप आवडते. म्हणजे मी आधी व्ह्यू सांगायचे, पार्किंग सांगायचे, तोवर लोक मोबाइल बघतात. पण मुठीचं सांगायला लागले की एकदम गप्प होतात. एक आंटी तर रडल्या. बुकिंग करून गेल्या." तेजलच्या चेहऱ्यावर खरा अभिमान होता. "बाबांचा बसलेला फोटो ब्रोशरवर टाकणार होते. मीच म्हटलं, ताईंना विचारल्याशिवाय अजिबात नको."

"विचारलंस हे चांगलं केलंस," अनुया म्हणाली.

"मग टाकायचा?"

"नाही."

"ओके ताई," तेजल म्हणाली. तिला जराही राग आला नाही.

*

रविवारी अनुया सकाळीच निघाली. खांद्याच्या पिशवीत एक कपड्यांचा जोड, टूथब्रश आणि पाण्याची बाटली होती. सोमवारी कदाचित येता येणार नाही, असं तिने कॉलेजात कळवून ठेवलं होतं. ठाण्यात नेलं तर काय म्हणायचं हेही ठरवलं होतं: नाव सांगायचं, पणजोबांचं गाव सांगायचं, आणि जामीन नको म्हणायचं. वर्षभर ती हे मनात घोकत आली होती. त्याने झोप लागत असे.

बदलापूर स्टेशनवरून रिक्षा केली. फाटकाशी नाथाकाका थांबणार होते. ते नव्हते. तिने वाट पाहिली, फोन केला, वाजत राहिला. तिला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

जुन्या बंद फाटकाच्या जागी आता दगडी कमान होती, आणि कमानीखाली निळ्या गणवेशात एक पहारेकरी. छातीवरच्या पट्टीवर धर्मराज असं नाव.

"अनुया मॅडम ना? या, या." त्याने अडसर वर केला.

"मला आत जायची परवानगी नाही," अनुया म्हणाली.

"हाय की. कालच मेसेज आलाय."

"मी परवानगी मागितलेली नाही."

"मागायची गरजच न्हाई, दिलेली हाय." धर्मराज बीडकडचा होता. त्याच्या बोलण्यात आर्जव होतं. "गाडी लावू का? बॅटरीची हाय, वरपर्यंत सोडती."

"मी टेकडीवरचं गवत उपटणार आहे."

"उपटा की मॅडम. किती लागंल तेवढं."

"तुम्ही मला अडवायला हवं. तुमचं कामच आहे ते."

धर्मराज संकोचून हसला. "रोजच हाय हो ते. पोरं येतात फोटो काढायला, त्यांना हाकलतो. तुम्हाला अडवायचं न्हाई म्हणून खास सांगितलंय. अडवलं तर माझीच नोकरी जायची."

ती चालत वर गेली. रस्ता डांबरी होता, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीची झाडं काठ्यांना बांधलेली. माथा कापून सपाट केला होता. क्लबहाऊस, पोहण्याचा तलाव, आणि त्यापुढे हिरवळ. हिरवळीवर चालू नये, अशी पाटी होती. अनुया पाटी ओलांडून हिरवळीच्या मधोमध गेली, वाकली आणि मूठ भरली. पण ते गवत इतकं आखूड होतं की मुठीत येईना. नखांत माती गेली, एवढंच.

मागून धापा टाकत धर्मराज आला होता. "मॅडम, ते लॉन हाय, त्याची मूठ न्हाई व्हायची. खरं गवत तिकडं हाय. तुमच्या कार्यक्रमासाठी मुद्दाम ठेवलंय."

कडेच्या उतारावर खरंच एक पट्टा शिल्लक होता, चारी बाजूंनी जाड सुती दोर लावलेला. आत कमरेइतकं गवत वाऱ्यावर हलत होतं. बाकीच्या टेकडीवरही एकेकाळी हेच होतं. दुसरीकडे कुठे असं गवत आहे का, हे तिने पाहिलं. कुठेच नव्हतं.

ती दोराखालून आत गेली. मुळापाशी धरून, मनगट वळवून, एकदम. बाबांनी शिकवलं होतं तसं. पाती तळव्यातून सरकली आणि हात चिरला. जळजळ उठली तशी तिच्या मनाला जरा बरं वाटलं.

"डेटॉल आणू का?" धर्मराज म्हणाला.

ती खाली कमानीपाशी आली. जंगलनाका इथेच होता. रस्त्याच्या मधोमध, गाड्यांच्या वाटेत ती मांडी घालून बसली आणि मूठ उजव्या गुडघ्यावर ठेवली. धर्मराजने जाणारी-येणारी वाहनं तिच्या दोन्ही बाजूंनी वळवायला सुरुवात केली. लोक गाडीच्या काचा खाली करून नमस्कार करत. थोड्या वेळाने त्याने तलावाकडची एक मोठी रंगीत छत्री आणून तिच्या डोक्यावर उभी केली.

"छत्री काढा," ती म्हणाली.

"ऊन लागंल."

"धर्मराज, मला इथून उठवा. ओढून काढा. पोलिसांना फोन करा. मी रस्ता अडवलाय."

त्याने छत्री जरा तिच्या बाजूला कलती केली. "माझी मोठी बहीण तुमच्याच वयाची हाय मॅडम," मग म्हणाला. "असं काय करायला सांगता?"

*

मंडळी उन्हं चढल्यावर आली. पुढे ढोल, मग महेश कॉर्डलेस माइक घेऊन, मग सगळी खैरवाडी, आणि कॉम्प्लेक्समधली हौशी कुटुंबंही. सगळ्यांच्या हातात हिरव्या मुठी. डोक्यावर ड्रोन घोंगावत होता.

"मुठी वर!" महेश ओरडला. "अजून वर! ड्रोनकडे बघा! जंगल सत्याग्रहाचा..."

"विजय असो!"

शंभर मुठी उगारल्या गेल्या. अनुयाने त्यांत नाथाकाकांना शोधलं. पांढरी टोपी, नवा सदरा. त्यांचाही हात वर होता, अर्ध्यापर्यंत, कोपरात वाकलेला.

मग पुढच्यांना ती दिसली. रस्त्यावर बसलेली, केस विस्कटलेले, मुठीतून खऱ्या गवताची पाती बाहेर आलेली. ढोल एकदम थांबला नाही, पण विसविशीत झाला. बॅटरीच्या गाडीतून बनूबाई उतरली, लंगडत आली, अनुयाच्या शेजारी बूड टेकवलं आणि आपली प्लास्टिकची मूठ गुडघ्यावर ठेवली. "हात दुकला वर धरून," ती पुटपुटली. तिच्यामागे आणखी दोघी बसल्या. मग कुणी पुरुष. सवयीची गोष्ट होती ती; बसलेला माणूस दिसला की गुडघे आपोआप वळले असावेत. बघता बघता सगळा गाव रस्त्यावर बसला. हात खाली आले. कुणी बोलेना.

अनुयाने मान वळवून पाहिलं. लहानपणी ज्याचा कंटाळा यायचा ते सगळं तसंच होतं. काही घडत नव्हतं. तिला वाटलं, आता महेशने चिडावं, कुणीतरी या लोकांना उठा म्हणावं, आणि यांनी उठू नये. एवढंच झालं तरी पुरे.

"सुंदर!" महेश माइकवर म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता; तो नाटक करत नव्हता. "असेच बसून राहा मंडळी, फारच सुंदर. ताई मंडपात येत नाहीत, तर कार्यक्रमच ताईंकडे आला! आता स्वर्गीय शरदचंद्रकाकांचा सत्कार त्यांच्या कन्या स्वीकारतील. गावाच्या वतीने शाल-श्रीफळ देत आहेत आमचे आजोबा."

नाथाकाका गर्दीतून पुढे आले. तेजलने अनुयाच्या खांद्यावर शाल टाकली. काकांच्या दोन्ही हातांत नारळ होता, आणि तो थरथरत होता. अनुया बसूनच राहिली. मग काका एक हात मांडीवर रेटून तिच्यापुढे वाकू लागले. म्हातारा माणूस पायांशी वाकतोय हे तिला बघवलं नाही. ती उठून उभी राहिली.

तिने डावा हात पुढे केला.

गर्दीत कुजबूज झाली. "डाव्या हाताने?" कुणीतरी म्हणालं.

"डावा नको बाय," काका हळूच म्हणाले. "देवाचं फळ हाय."

"काका, ही मूठ उघडायची नाही. तुम्हाला माहीत आहे."

"म्हाईत हाय."

"तुमच्या वडिलांची बोटं..."

"म्हाईत हाय म्हनतो ना." त्यांचे डोळे तिच्याकडे नव्हते, नारळाकडे होते. "सगला गाव बघतोय. पोराचं काम हाय इथं. माजा हात तसाच परत नको धाडू."

तिने आजूबाजूला पाहिलं. सगळे वाट पाहत होते, कौतुकाने. दांडका कुणाच्याच हातात नव्हता. दांडक्याची तिने वर्षभर तयारी केली होती. बोटं कशी आवळायची, डोळे कुठे ठेवायचे, हे तिने ठरवून ठेवलं होतं. या थरथरत्या नारळाची तिने तयारी केली नव्हती. काकांच्या मनगटावरची शीर ताणून उभी राहिली होती. अजून क्षणभर, आणि नारळ खाली पडला असता.

तिने मूठ उघडली. गवत पडलं नाही. रक्ताने ते तळव्याला चिकटलं होतं. तिला ते डाव्या हाताने, एकेक पातं करून, स्वतःच ओढून काढावं लागलं. मग तिने दोन्ही हात पुढे केले.

टाळ्या झाल्या. ड्रोन खाली आला आणि पुन्हा वर गेला. महेश माइकवरून जेवणाची व्यवस्था कुठे आहे ते सांगू लागला, आणि मंडळी कपडे झटकत उठली.

नाथाकाका जवळच उभे होते. तोंड तिच्या कानाशी आणून ते म्हणाले, "तुज्या बापाने नसता घेतला."

"नसता घेतला," अनुया म्हणाली.

काका मंडपाकडे निघाले. धर्मराज छत्री मिटत होता.